‘लागेल’ आणि ‘थांबेल’: एका घरातली चातुर्मासाची खरेदीबंदी

नाशिकच्या इंदिरानगरमधलं आमचं घर. माणसं पाच: सासूबाई, नवरा, मी, दहावीतली लेक आणि चौथीतला मुलगा. नवरा अंबडच्या एमआयडीसीत कामाला आहे, मी एका शाळेत लिपिक. दोघांचं मिळून महिन्याला ८४ हजार घरात येतात. सासऱ्यांमागे सासूबाईंना निवृत्तिवेतन मिळतं, त्याला आम्ही हात लावत नाही. २०२४ च्या आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे १७ जुलै ते १२ नोव्हेंबर, दोन्ही एकादश्या धरून ११९ दिवस, या घरानं बिनगरजेची खरेदी बंद ठेवली. काय ठरवलं, कुठे मोडलं, हिशेब काय निघाला आणि कोणती गोष्ट शेवटच्या दिवसापर्यंत आमच्या ध्यानात आली नाही, ते सगळं इथे मांडते आहे.

सुरुवात माळ्यापासून झाली. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात माळ्यावरचा कोपरा पाझरला आणि सगळं सामान खाली काढावं लागलं. दिवसभरात हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. चादरी २३ निघाल्या, पाण्याच्या बाटल्या ११. लग्नामुंजीत आलेले काचेचे सेट तर वेष्टनही न काढलेले. त्या ढिगात एक नायलॉनची पिशवी होती ब्लाउजपीसांची. मी मोजले, ३१ होते. एकही शिवलेला नव्हता, शिवण्याजोगेही फार नव्हते. त्यातल्या एका पोपटी तुकड्याच्या काठाशी जांभळा ठिपका दिसला. तो माझ्या शाळेतल्या शिक्क्याच्या शाईचा. हा तुकडा मीच तीन वर्षांपूर्वी चैत्रातल्या हळदीकुंकवाला नणंदेच्या ओटीत घातला होता. तिथून तो कुठल्या कुठल्या ओट्यांमधून फिरला असेल देव जाणे, पण परत आमच्याच माळ्यावर येऊन बसला होता.

त्याच आठवड्यात नवऱ्याच्या क्रेडिट कार्डाचं बिल आलं. थकबाकी ३४ हजार. आम्ही दोन-तीन महिने ‘किमान रक्कम’ भरून पुढे ढकलत होतो. कार्डावर महिना साडेतीन टक्के व्याज, म्हणजे ११९० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. महिन्याला चौदाशे रुपये नुसते हवेत जात होते. त्यातच त्याच्या घड्याळाचा ‘नो कॉस्ट’ हप्ता चालू होता. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, ते दुसऱ्या कुठल्या तरी नावानं वसूल होतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. आमच्या बिलात ते स्वच्छ दिसत होतं: सवलत म्हणून दाखवलेली रक्कम व्याज म्हणून परत लावलेली, त्या व्याजावर जीएसटी, शिवाय प्रोसेसिंग फी.

सासूबाई दर चातुर्मासात कांदा-लसूण आणि वांगं सोडतात. आषाढी जवळ आली तसं त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “तुम्ही कोण काय सोडणार?” लेक हॉलमधल्या ढिगाकडे बघत म्हणाली, “खरेदी.” कुणी हसलं नाही.

दोन रकाने

कालनिर्णयच्या जुलैच्या पानामागे नवऱ्यानं दोन रकाने आखले, ‘गरजेचं’ आणि ‘बिनगरजेचं’, आणि झरझर लिहून काढलं. बिनगरजेच्या रकान्यात टिकल्या, मॅचिंग ब्लाउज, लेकीची रंगीत पेनं, देवाची रोजची फुलपुडी, मुलाची खेळणी. गरजेच्या रकान्यात किराणा, औषधं, शाळेचं सामान आणि खाली मोबाइलचं कव्हर, गाडीचं सीट कव्हर, चार्जर. त्यानं ते मुद्दाम केलं नव्हतं. लिहिणाऱ्याला आपली वस्तू गरजेचीच वाटते. मी वाचून दाखवलं तेव्हा तो स्वतःच ओशाळला.

मग पान पुसून नवी पद्धत ठरली. प्रत्येकानं आपापल्या वस्तूंबद्दल आपणच लिहायचं. रकान्यांची नावंही बदलली. ‘लागेल’ आणि ‘थांबेल’. थांबेल म्हणजे चार महिने त्या वस्तूवाचून चालेल. प्रत्येकाला एक गोष्ट अशी ठेवायची मुभा, जिच्याबद्दल कुणी काही विचारणार नाही. सासूबाईंनी फुलपुडी ठेवली, लेकीनं पेनं, मी टिकल्या. नियम फक्त वस्तूंचा होता. बाहेरचं खाणं, प्रवास, सिनेमा यांना हात लावला नाही, आणि ही पळवाट पुढे महागात पडली.

चातुर्मास निवडण्यात एक अडचण उघड होती. श्रावण, गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, दसरा, दिवाळी, सगळी खरेदी याच चार महिन्यांत येते. मैत्रीण म्हणाली, पौषात करा, कुणाला कळणारही नाही. पण ज्या काळात आपण काही घेतच नाही त्या काळात ते न घेतल्यानं घराबद्दल काय समजणार होतं?

सोन्याचा वाद

सातव्याच दिवशी, २३ जुलैला, केंद्राच्या अर्थसंकल्पात सोन्या-चांदीवरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं आणि भाव धाडकन उतरले. संध्याकाळी नणंदेचा फोन: “वहिनी, सराफ बाजारात उभं राहायला जागा नाही. आज घ्या, नंतर पस्तावाल.”

आमच्याकडे दर दसऱ्याला सासूबाई लेकीच्या नावानं दोन ग्रॅमचं वळं घेतात. त्या म्हणाल्या, “सोनं म्हणजे खरेदी नाही गं, साठवण आहे.” मी ऐकलं नाही. पहिल्याच आठवड्यात नियमाला फट पाडली तर पुढे काही उरणार नाही, असं मला वाटलं. त्या दोन दिवस कमी बोलल्या. धनत्रयोदशीला भाव जुलैच्या त्या दिवसापेक्षा बराच चढलेला होता. त्या एका शब्दानंही बोलल्या नाहीत, पण चूक माझीच होती. खर्च करून संपणारी वस्तू आणि बाजूला ठेवलेली वस्तू एकाच दोरीनं बांधायची नसते. त्यांचं निवृत्तिवेतन त्यांचं होतं, ते कशात ठेवायचं हे ठरवण्याचा हक्क मला कुणी दिला होता? नवऱ्याचे रकाने मी ज्या कारणासाठी पुसले, तेच मी स्वतः केलं होतं.

श्रावण ते महालक्ष्म्या

स्वातंत्र्यदिनाच्या सेलनं नवऱ्याची परीक्षा घेतली. फोनवर ‘फक्त २ शिल्लक’, ‘अकरा मिनिटांत ऑफर संपेल’. लेकीनं एक प्रयोग केला. तेच हेडफोन आपल्या फोनवरून कार्टमध्ये टाकले आणि तीन दिवस बघत राहिली. घड्याळ रोज रात्री संपायचं आणि सकाळी नव्यानं चालू व्हायचं, शिल्लक दोनच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ प्रकारच्या युक्त्यांना बंदी घातली आहे, डार्क पॅटर्न म्हणतात त्यांना, आणि खोटी घाई दाखवणं हा त्यातला पहिलाच प्रकार. तिनं ती यादी बापाला वाचून दाखवली. त्यानं दोन अ‍ॅप काढून टाकले. मला वाटतं, नियमापेक्षा ते घड्याळ परत चालू झालेलं बघणं त्याच्या जास्त मनाला लागलं.

याच सुमाराला मिक्सरचा जार फिरेना. आवाज यायचा, पातं हलायचं नाही. एरवी जार बदलला असता, कदाचित मिक्सरच. दुरुस्तीवाल्यानं जार उलटा केला. खाली एक काळा रबरी दातेरी तुकडा असतो, कपलर. त्याचे दात झिजून गोल झाले होते. त्यानं पकडीनं तो आटा सोडवून काढला, नवा बसवला आणि ७० रुपये घेतले. जुना कपलर मुलानं खिशात घालून घरी आणला. कितीतरी दिवस तो दप्तरात होता.

भाचीची मंगळागौर ऑगस्टमध्ये आली आणि नियम खऱ्या अर्थानं अडला. आहेर गरजेचा की बिनगरजेचा? कपाटात घडी न मोडलेल्या चार साड्या होत्या. त्यातली एक द्यावी, हे माझं मत. सासूबाईंचा विरोध. “आलेली साडी फिरवली असं तिच्या मनात आलं तर?” पाकिटात पैसे घालू, हे नवऱ्याचं मत. पैसे घातले. नियम राहिला, पण नणंद दुखावली. तिला पैशांचं काही नव्हतं, तिनं ते स्पष्ट सांगितलं. “भाचीसाठी तुम्ही दुकानात गेला नाहीत, रंग बघितला नाहीत,” हे तिचं दुःख. मी त्यावर खूप विचार केला. साडीतला मोठा भाग कापडाचा नसतो, कुणीतरी आपल्यासाठी तासभर चार दुकानं फिरलं त्याचा असतो. तेव्हापासून आहेराचा नियम आम्ही बदलला: द्यायचं, पण ज्याला द्यायचं त्याला आधी विचारून. पाडव्याला जाऊन भाचीला बरोबर घेतलं, तिनं साडी नाही, स्टीलचा मोठा कुकर मागितला. नव्या घरात तिच्याकडे तेवढाच नव्हता.

सप्टेंबरात गणपती. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे, तरी दरवर्षी कागदी-कापडी मखर नवं यायचं. या वर्षी माळ्यावरच्या चादरी कामाला आल्या. महालक्ष्म्यांचा प्रश्न नाजूक होता. आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या असतात, त्यांना दरवर्षी दोन कोऱ्या साड्या, मग त्यातली एक नणंदेला आणि एक मला. देवीला जुनं कसं नेसवायचं? यावर मी काही बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. सासूबाईंनीच ट्रंक उघडली आणि १९७४ साली लग्नात नेसलेला शालू काढला.

डाळिंबी रंगाचा, जर काळवंडलेली. पन्नास वर्षं एकाच घडीत राहिल्यानं घडीच्या रेघेवर रेशीम चिरलं होतं, बोट लावलं की वितळल्यासारखं सुटायचं. आमच्या कॉलनीत पिको-फॉल करणाऱ्या ताई आहेत. त्यांनी तो टेबलावर पसरला, बराच वेळ हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, मशीन नको, सुई खेचेल. चिरीच्या मागून त्यांनी मलमलीची पट्टी ठेवून हातानं बारीक टाके घातले, दोन दुपारी. पैसे सांगेनात, मीच चारशे दिले. शालू ज्येष्ठेला, माझ्या लग्नातली येवल्याची पैठणी कनिष्ठेला. सासूबाई त्यांच्यासमोर उभ्या राहून निऱ्या चापून बसवत होत्या, आणि पायाखाली त्यांनी जुन्या गोधडीची चौपदरी घडी घेतली होती. मला तेव्हा वाटलं, फरशी गार लागत असेल.

माझ्याकडून मोडला

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, घटस्थापना झाल्यावर, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये साड्यांचं गाठोडं आलं. एका शिक्षिकेची बहीण आणते, पैसे तीन पगारांत द्यायचे. मधल्या सुट्टीत सगळ्याजणी साड्या खांद्यावर टाकून बघत होत्या. मी एकटी रजिस्टर घेऊन बसले होते. “तुमचं बाई व्रत आहे ना,” कुणीतरी अगदी प्रेमानं म्हणालं. मी उठले आणि मोरपिशी साडी घेतली, १८५० रुपयांची. घरी आणून कपाटात सगळ्यात खाली ठेवली.

आठ दिवस ती तिथे होती. साडीची हौस तर पहिल्या संध्याकाळीच विरली होती. मग लक्षात आलं की दुकानात मी कधी फारशी मोहात पडत नाही. माणसांमध्ये पडते. सगळ्या घेताहेत आणि आपण बाजूला, हे मला सोसवत नाही. दसऱ्याच्या रात्री जेवताना सांगितलं. लेकीनं उठून ऑक्टोबरच्या पानावर तारीख घालून लिहिलं, ‘आई, साडी, १८५०’. बस, तेवढंच. मुलानंही लगेच कबूल करून टाकलं की त्यानं रक्षाबंधनाच्या पैशांतून एक गाडी घेतली होती आणि आजीला ते ठाऊक होतं.

दिवाळीत सगळ्यात काळजी होती ती घरकामाला येणाऱ्या मावशींची. दरवर्षी एक पगार आणि साडी. आमच्या नेमाचं ओझं त्यांच्यावर पडू द्यायचं नाही, यावर पाचही जणांचं एकमत होतं. पण या वेळी पहिल्यांदा त्यांना विचारलं, साडी कोणत्या रंगाची आणू? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, पाच घरच्या पाच साड्या येत्यात. राग नसंल तर पैसेच द्या, पोराची क्लासची फी भरते.” नऊ वर्षं त्या आमच्याकडे येताहेत. नऊ साड्या आम्ही आमच्या आवडीनं दिल्या.

पणत्या, रांगोळी आणि बोळकी मात्र मेन रोडवर जमिनीवर बसणाऱ्या बाईकडून घेतली, नेहमीएवढीच. तिचं वर्ष त्या आठ दिवसांवर असतं. नियम नेमका कशासाठी आहे हे विसरून नुसता पाळायचा असेल, तर तो तिच्या पोटावर येतो.

हिशेब

आदल्या वर्षाशी तुलना करणं सरळ नव्हतं. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, चातुर्मास पाच महिन्यांचा झाला होता. धोंड्याचा महिना म्हणून सासूबाईंच्या जावयांना वाण दिलं होतं, १२,४०० रुपयांचं. म्हणून २०२३ चा १८ जुलै ते भाऊबीज, १५ नोव्हेंबर, हा काळ धरला आणि वाण वगळलं. बँक, कार्ड आणि यूपीआयची नोंद समोर ठेवून लेकीनं बेरीज केली.

२०२३ मध्ये वस्तूंवर ८०,५०० रुपये गेले होते. कपडे २७ हजार, इलेक्ट्रॉनिक १८,५००, घरातलं सामान १३,२००, आहेर आणि भेटी २१,८००. म्हणजे महिन्याला २० हजार. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या उपभोग खर्च पाहणीत शहरी भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,४५९ रुपये निघाला होता, अन्नापासून भाड्यापर्यंत सगळं धरून. पाच माणसांचे ३२ हजार झाले. आम्ही त्याच्या निम्म्याहून जास्त नुसत्या वस्तूंवर घालवत होतो आणि वर पैसे पुरत नाहीत म्हणत होतो.

२०२४ मध्ये वस्तूंवर ३१,३०० गेले. त्यात आहेर १७,४००, गणवेश आणि बूट ५,६००, माझी साडी १,८५०, बाकी किरकोळ. आमच्या स्वतःच्या वस्तूंचा खर्च ५८,७०० वरून १३,९०० वर आला, पण आहेराचा जेमतेम साडेचार हजारांनी घटला. मला हा आकडा चांगला वाटतो. आम्ही जे कमी केलं ते आपलं, दुसऱ्याचं नाही.

आता वजाबाकी. बाहेरचं खाणं आणि मागवणं १४,६०० वरून २२,९०० वर गेलं. रविवारी दुकानात जायचं नाही म्हटल्यावर आम्ही हॉटेलात जात होतो. हात मोकळे राहत नव्हते. दुरुस्ती आणि शिवणकामाचे ३,१५० वेगळे. सगळं वजा जाता ३७,७५० रुपये हातात राहिले. कार्डाचे ३४ हजार ऑक्टोबरअखेर पूर्ण फेडले. सोन्याच्या भावात जे हुकलं ते या हिशेबात लेकीनं धरलेलं नाही, पण मी धरते.

जुलैचं पान

१३ नोव्हेंबरला, तुळशीच्या लग्नाची तयारी करताना, कालनिर्णयचं जुलैचं पान शोधून काढलं. कुणाच्या ‘थांबेल’ रकान्यातलं आता काय घ्यायचं ते बघायला. नवऱ्याच्या नऊ वस्तूंपैकी सात त्यानं तिथल्या तिथे खोडल्या. लेकीच्या सगळ्याच. माझ्या दोन उरल्या. इतके दिवस प्रत्येकानं फक्त आपलाच रकाना वाचला होता.

तळाशी, पेन्सिलनं, सासूबाईंच्या अक्षरात एकच ओळ होती. ‘मऊ चप्पल. टाच दुखते.’ ‘लागेल’मध्ये नाही. ‘थांबेल’मध्ये.

गोधडीची ती घडी मला आठवली. स्वयंपाकघरात ओट्यापाशीही ती असायची, देवळातून येताना त्या कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर बसायच्या, आणि आम्ही म्हणायचो उपासानं थकल्यात. मी विचारलं, “सांगितलं का नाही?” त्या म्हणाल्या, “नेम होता ना. आणि चालत होतं की.”

संध्याकाळी त्यांना रिक्षानं दुकानात नेलं. दुकानदारानं तीन जोड पुढे ठेवले. सगळ्यात मऊ जोड त्यांनी पायात घातला, दोन पावलं टाकली, थांबल्या, परत दोन टाकली. चेहरा सैल झाला. मग खाली वाकून त्यांनी किमतीचं लेबल उलटून बघितलं आणि चप्पल काढायला लागल्या. मी लेबल त्यांच्या हातातून घेतलं आणि दुकानदाराला म्हटलं, “जुनी पिशवीत द्या, ह्या नवीच घालून येतील.”